खुर्ची बाहेर आणून ठेवणाऱ्या काकांना

मस्यू,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून मायना एवढाच. पण 'मस्यू', म्हणजे महाशय, म्हटलं की मला बँकेतला कुणी साहेब दिसतो, तेव्हा पत्रापुरतं काका म्हणते. तुम्ही माझ्या वडिलांच्याच वयाचे असाल. त्या दिवशी पाठमोरे तर अगदी त्यांच्यासारखेच दिसलात: किंचित वाकलेली पाठ, निळा कामाचा कोट, खिशातून लोंबणारं तेलकट फडकं.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे ते तुम्ही वाचणार नाही. माझी भाची लियाँला शिकते. ती फ्रेंचमध्ये उतरवून पोस्टाने पाठवते म्हणाली, पण तिने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, पत्ता?" आता काय सांगू? गावातल्या कपडे धुण्याच्या दगडी हौदासमोरचं घर, करड्या रंगाच्या खिडक्या, लोखंडी फाटक. तुमच्याकडच्या पोस्टमनला एवढं पुरेल असा मला विश्वास आहे. गावाचं नाव तिला सांगितलंय. इथे लिहीत नाही, कारण आमच्या लोकांना ओळखते. पुढच्या मोसमात कुणीतरी तुमच्या दारात सेल्फी काढायला उभं राहील.

तर गेल्या सप्टेंबरातला तो सोमवार. आम्ही पुण्याचे सहा जण तुमच्या फ्रान्समधल्या शालों शहरातून भाड्याच्या सायकली घेऊन निघालो होतो. सोन नदीच्या काठाकाठाने तुर्नुला आलो, सँ फिलिबेरच्या मठातले ते गुलाबी दगडाचे थोराड खांब पाहिले आणि डी 14 धरून डोंगराकडे वळलो. डी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा मार्ग. कडेला पिवळ्या डोक्याचे पांढरे मैलाचे दगड. थोडे द्राक्षमळे, मग कुरणात बसलेल्या पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, मग जंगल. रस्त्यावर आवाज कसला, तर आपल्याच चेनचा. अधूनमधून एखादी गाडी मागून यायची, हळू व्हायची, आणि समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत तशीच मागे राहायची. गावाबाहेर सायकलीला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं हा तुमच्याकडचा कायदा आहे म्हणे. कायद्यांची आमच्याकडेही टंचाई नाही. पण कोपराला बस चाटून जाण्याची सवय झालेल्या मला पहिले दोन दिवस वाटत होतं, मागचा माणूस चिडलाय, आता खिडकीची काच खाली करून काहीतरी ऐकवणार.

ब्राँसियोंच्या चढाला मी मागे पडले. ते नेहमीचंच. वर पोचले तेव्हा बाकीच्यांची कॉफी झाली होती. कड्याच्या टोकावरचं ते बाराव्या शतकातलं चर्च मी एकटीनेच पाहिलं, आणि खरं सांगते, बरंच वाटलं. मग उतार. शापेझच्या दिशेने खाली आले आणि एका वळणावर मागच्या चाकाने 'फट्' केलं. साधं पंक्चर नव्हतं. टायरची बाजू बोटाच्या पेरभर चिरली होती आणि आतली ट्यूब जिभेसारखी बाहेर आली होती.

आता थोडं इतरांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय तुमची किंमत कळायची नाही.

ग्रुपवर मेसेज टाकला. उत्तर आलं: "आम्ही बरेच पुढे आलोय, लोकेशन टाक." लोकेशन टाकलं. त्यावर तीन अंगठे आले. तेवढेच, अंगठे. ज्यांच्याबरोबर पाच वर्षं दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पोहे खाल्ले, ती ही माणसं. सायकल भाड्याने देणाऱ्यांची मदत चोवीस तास होती, असं त्यांच्या कागदावर छापलेलं होतं. अकरा मिनिटं संगीत ऐकल्यावर एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की टायर कापला जाणं मदतीत बसत नाही, आणि गाडी हवी असेल तर उद्या सकाळी. सीटखालच्या पिशवीत त्यांनी दिलेली जादा ट्यूब होती. तिचा व्हॉल्व्ह जाड, मोटारीच्या ट्यूबला असतो तसा. माझ्या रिमचं भोक बारीक, फ्रेंच व्हॉल्व्हचं. फ्रान्समध्ये, फ्रेंच माणसांनी, फ्रेंच व्हॉल्व्हच्या सायकलीला ही ट्यूब दिली होती. मी रस्त्याच्या कडेला बसून मोठ्याने हसले. नंतर थोडं रडलेही.

तुमच्या गावापर्यंत सायकल ढकलत आले. कॅफेत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून एक बाई फरशी पुसत होत्या. मी रिकामी बाटली पुढे केली. त्या म्हणाल्या, "फेर्मे." बंद. सोमवारी तुमच्याकडे सगळंच बंद असतं हे मान्य, पण नळही? शेवटी पाणी मिळालं ते गावाच्या स्मशानभूमीत. तिथे फुलांसाठी नळ असतो आणि फ्रान्समध्ये फिरणारे सायकलवाले त्याच्यावरच जगतात, हे निघण्याआधी वाचलं होतं. जिवंतांनी दिलं नाही, मेलेल्यांनी पाजलं.

तिथून बाहेर पडताना तुम्ही दिसलात. भिंतीवरून वाकून तुम्ही आधी चाकाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. हा क्रम मला आवडला होता.

तुम्ही फाटक उघडलंत आणि हाताने 'या' म्हणालात. मी थांबले. काका, ते एक पाऊल मी का टाकलं नाही हे तुम्हाला कसं कळलं, याचा मी इतके महिने विचार करतेय. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, घाबरट म्हणून प्रसिद्ध नाही. पण अनोळखी गाव, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मोबाइलची बॅटरी नऊ टक्के, आणि आत दिसत होती ती काळोखी पडवी. आमच्याकडच्या मुलींना हे शिकवावं लागत नाही, पाय आपोआप थांबतो. आणि पाय थांबला की समोरच्याला राग येतो, हाही अनुभव तितकाच जुना. "अहो, मी काय खाणार आहे का तुम्हाला?" असं हसत म्हणणारे किती भेटले. त्या हसण्यानेच पाय आणखी मागे येतो.

तुम्ही हसला नाहीत. काही बोललाही नाहीत. फाटक पार भिंतीपर्यंत ढकललंत आणि ते मिटू नये म्हणून पायाने एक दगड सरकवून त्याला टेकवलात. मग आत जाऊन वेताची एक खुर्ची आणलीत आणि ती बाहेर, रस्त्याच्या कडेला, झाडाखाली ठेवलीत. अंगणात नाही. बाहेर. समोरच्या दोन घरांच्या खिडक्यांतून थेट दिसेल अशी. बसायची जागा फडक्याने पुसलीत. मग चाक उचलून घेतलंत आणि स्वतःचं कामाचं टेबलही ओढत ओढत फाटकापाशी आणलंत. ते जड होतं, मला दिसत होतं. मी मदतीला उठले तर हातानेच 'बसा' म्हणालात.

मदत करणारे मला आयुष्यात बरेच भेटले, मी कृतघ्न नाही. पण बहुतेकांची मदत त्यांच्या घरात जाऊन घ्यावी लागते. म्हणजे त्यांच्या अटींवर, त्यांच्या सोयीने, वर त्यांच्याबद्दल शंका आली म्हणून स्वतःच ओशाळून. तुम्ही माझी शंका तशीच राहू दिलीत. तिला खुर्ची दिलीत.

पुढचं काम मी खुर्चीतून पाहत होते. तुम्ही आतून एक जुना टायर आणलात, कडेची तार कापून टाकलीत, उरलेल्या पट्टीतून, माझ्या टायरच्या चिरेवर आतून बसवायला, कात्रीने लांबट गोल तुकडा काढलात आणि त्याच्या कडा चाकूने तासून तासून पातळ केल्यात, ट्यूबला टोचू नयेत म्हणून. आणि माझ्या तोंडून निघालं, "गेटर!" तुम्ही दचकलात. अहो, पुण्यात आम्ही याला गेटर म्हणतो. माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलने जायचे. तेव्हा सगळं पुणंच सायकलवर असायचं. नवा टायर घ्यायचा महिना पुढे ढकलायचा असला की ते रविवारी असाच गेटर कापायला बसायचे. कडा तासताना जीभ दातांत धरायचे. तुम्हीही धरली होतीत.

ट्यूब तुमची, तुमच्याच सायकलीसाठी ठेवलेली. ती खोक्यातून काढताना तुम्ही क्षणभर भिंतीवर टांगलेल्या त्या जुन्या पझो सायकलीकडे पाहिलंत. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

टायर चढवून झाला, आता हवा भरायची, असं मला वाटलं. तुम्ही थांबलात. टायर पुन्हा थोडा सैल केलात आणि रिमवर अंगठ्याने सरकवत सरकवत त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर आणलंत. जुन्या कारागिरांची ही पद्धत मला ठाऊक होती, पण भाड्याच्या सायकलीसाठी? तीही चिरलेल्या टायरवर, जो दोन दिवसांनी कचऱ्यात जाणार होता? काढता-घालता येणारा सायकलचा टायर मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये आणला, त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत त्याच टायरवर जिंकली गेली, वगैरे मी निघण्याआधी पाठ केलं होतं. पण तुमचा देश या कामात जुना आहे म्हणजे काय, ते त्या अंगठ्याकडे बघून कळलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी वीस युरोची नोट पुढे केली तेव्हा तुम्ही चक्क दुसरीकडे बघायला लागलात. मग हँडलच्या पिशवीतून लोणावळ्याची चिक्की काढली. ती तुम्ही घेतलीत, गालाकडे बोट दाखवून कवळी आहे असं सांगितलंत आणि टेबलावर ठेवून हातोडीने फोडलीत. चिक्कीचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नसेल. रस्त्याच्या धुळीत काडीने शापेझचा उंच घंटाघराचा मनोरा काढून दाखवलात, तिथून कोर्मातँ, आणि पुढे दोन रेघा. त्या दोन रेघांचा अर्थ कोर्मातँला कळला: जुन्या रेल्वेची लाइन.

रूळ काढून सायकलींना दिलेली ती वाट, जिव्रीपासून क्लुनीपर्यंतची. 1997 मध्ये खुली झालेली फ्रान्समधली पहिली हिरवी वाट. तेझेची टेकडी मागे टाकून संध्याकाळी क्लुनीत पोचले. वीसेक किलोमीटर, गेटर जागचा हलला नाही. ग्रुप तिथे वाइन पीत बसला होता. "अगं, आलीस पण!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मठ पाहिला. 910 साली स्थापन झालेला, आणि त्याचं तिसरं चर्च एके काळी अख्ख्या ख्रिस्ती जगात सर्वांत मोठं, 187 मीटर लांबीचं. फ्रेंच क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि विकत घेणाऱ्यांनी दगडाची खाण असल्यासारखं फोडून दगड विकले. आज दहावा हिस्साही उभा नाही. गाइड तळमळून सांगत होता आणि माझं लक्ष नव्हतं. मला सारखा दिसत होता तो तुम्ही फाटकाला लावलेला दगड. चांगला घडीव, एका बाजूने सरळ कापलेला. क्लुनीचा असेल का हो? विचारायला हवं होतं.

आपली,
ती पुण्याची, हिरव्या हेल्मेटवाली

ता. क. भाचीबरोबर एक ट्यूब पाठवतेय. 700 बाय 28 ते 32, बारीक व्हॉल्व्हची, दोनदा तपासून घेतलीय. सोबत खाऊ आहे. चिक्की नाही, मऊ तिळाची वडी. हातोडी लागणार नाही.