थेरपिस्टवर राग आला तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘थेरपिस्टचा राग येऊ लागला तर सरळ दुसरा शोधा’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला आणि राहवलं नाही. मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनात दबलेलं जुनं बोलत बोलत वर आणण्याच्या, पद्धतीने उपचार चालू असताना तो पाळला, तर माणूस ऐन कामाच्या वेळी उठून जाईल.

मी दांडिया बाजारात राहते, बँकेतून निवृत्त झाले. आई गेल्यावर झोप उडाली, घराबाहेर पडणं नकोसं झालं, म्हणून अलकापुरीतल्या एका थेरपिस्ट बेनकडे (इथे बाईंना ‘बेन’ म्हणतात) काही वर्षं जात होते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली फी. दिवाळीला नेलेल्या चकल्या त्यांनी घेतल्या नाहीत. माझ्या बहिणीला ते फार लागलं. “एवढं पोटातलं सांगतेस आणि ती तुझ्या हातचं खातसुद्धा नाही?”

एकदा बेन सुट्टीवरून परतल्या तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. मग एकदम फुटले. एरवी आम्ही गुजरातीत बोलायचो, पण हे मराठीत आलं: “न सांगता निघून जाता, मागे राहिलेल्यांनी काय करायचं?” त्यांनी तर खूप आधी सांगितलं होतं, तारखा माझ्याच डायरीत होत्या. न सांगता जायचे ते माझे वडील. रेल्वेत होते. प्रतापनगरहून परस्पर लाइनवर जायचे, घरी निरोप नाही, आणि आई जेवायची थांबलेली. बेननी ना खुलासा केला, ना माझी समजूत काढली. “आणखी बोला,” एवढंच म्हणाल्या. वडिलांविषयी तोवर मी फक्त चांगलंच बोलले होते!

याला ट्रान्सफरन्स म्हणतात: जुन्या नात्यातलं प्रेम, भीती, राग समोरच्या डॉक्टरवर येऊन बसतो. मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइड, त्याच्या हातूनही तो निसटला होता. ‘डोरा’ या नावाने त्याने जिची हकीकत लिहिली, ती तरुणी १९०० च्या अखेरीस, जेमतेम ११ आठवड्यांत उपचार सोडून गेली. १९०५ मध्ये ती हकीकत छापताना त्याने कबूल केलं की हा ट्रान्सफरन्स आपल्याला वेळीच ताब्यात घेता आला नाही.

बेन आमच्याकडे चहाला येत असत्या, तर मी त्यांच्यावर अशी ओरडले असते का? भीड आड आली असती. चकल्या न घेण्यामागे हेच असावं.

थेरपिस्टने लगट केली, उसने पैसे मागितले, तर गोष्ट वेगळी. तिथे एक दिवसही थांबू नये, तक्रार करावी. आपलं आतलं थेरपिस्टने आपल्या घरच्यांना सांगितलं तरीही तेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. माझ्या बहिणीने काळजीपोटी बेनना फोन केला होता, त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही.

राग आला तर तो आधी त्याच खोलीत, त्याच माणसाला सांगा, मग काय ते ठरवा, एवढी दुरुस्ती त्या सदरात छापावी ही विनंती.

आपली,
एक वाचक, वडोदरा