अक्का, त्या पंधरा दिवसांसाठी

प्रिय अक्का,

तुला वाचता येत नाही, त्यामुळे रविवारी आल्यावर मीच हे वाचून दाखवणार आहे. तरी आधी इथं सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण घडलं. परवा एक कॉलेजची मुलगी धंदा करणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासासाठी माझ्याशी बोलायला आली होती. चांगली पोर होती, वही मांडीवर घेऊन बसली. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला वेश्याव्यवसायातून बाहेर कोणी काढलं?" मी म्हटलं, कोणी नाही. तिनं तसं लिहून घेतलं. ती गेल्यावर मात्र मला झोप येईना. खोटं बोलले नव्हते, पण त्या उत्तरात तू कुठंच बसत नव्हतीस.

मी सांगलीला आले २०१४ साली. तेव्हा मी तेवीस वर्षांची. मला कोणी फसवून आणलं नव्हतं, विकलं नव्हतं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो, कारण त्याला दुसरी गोष्ट ऐकायची असते. नवऱ्याचं घर मी माझ्या पायांनी सोडलं. तो मारझोड करणारा नव्हता. फक्त दिवा मालवला की त्या खोलीत मी नसायचेच, असली तर एक वस्तू असायची. मग एक माणूस आवडला, त्याच्यामागं निघाले. मिरजेच्या लॉजवर तो तीन आठवडे टिकला. घरी परत जायचं नव्हतं, पैसे संपत आलेले, आणि मनात एक हट्ट होता जो मी आजवर तुलाही नीट सांगितला नाही. ज्या अंगावरून लोक मला वाया गेलेली म्हणत होते, ते अंग नक्की कुणाचं आहे ते मला बघायचं होतं.

सांगलीच्या गोकुळनगरात, धंदा करणाऱ्या बायकांच्या गल्लीत, तुझ्या दारात उभी राहिले तेव्हा तू पहिलं वाक्य कानडीत बोललीस. "ऊटा आयता?" मला कळलं नाही. मग म्हणालीस, "जेवलीस का गं?" मी "तुम्ही" म्हणायला लागले तर, "ते तुम्ही-बिम्ही गिऱ्हाइकाला म्हण. मला अक्का म्हण."

तू मला पंधरा दिवस धंद्याला बसू दिलं नाहीस. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर ताक, आणि "नुसतं बघ" एवढंच. मी बघत होते. सकाळी निरोधाच्या पेट्या कशा वाटल्या जातात, तपासणीच्या दिवशी दवाखान्यात कोण कुठल्या रांगेत उभी राहते, पिऊन आलेल्या माणसाला चौघीजणी मिळून जिन्यावरून खाली कशा आणतात. मालक हा शब्दही मी तेव्हाच नव्यानं शिकले. मला वाटलेलं खोलीचा मालक. इथं मालक म्हणजे बाईचा आवडता माणूस, ज्याच्यासाठी ती संध्याकाळी मटण करते. गल्लीतल्या बायकांनी १९९६ मध्ये स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली, हे तू मला घरातल्या लग्नाची हकीकत सांगावी तसं सांगितलंस. कोण कुणावर रुसली होती, त्यासकट.

सोळाव्या दिवशी तू विचारलंस, "बघितलंस न्हवं? आता सांग, तुला काय पाहिजे?"

मला उत्तर आलं नाही. तोवर मला "तुझी लायकी काय" विचारलं होतं, "तुझं लफडं कुणाशी" विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चहा." तू इतकी हसलीस की शेजारची बघायला आली.

आणि हे विचारणारी तू, जिला कधीच कुणी काही विचारलं नाही. केसात जट आली म्हणून तुला देवदासी करून यल्लम्माला सोडली. जट आली नसती तर तू कोण झाली असतीस, हे तुलाही माहीत नाही. तू मला सहज म्हणू शकली असतीस, पोरी, आम्हाला रस्ता नव्हता, तुला आहे, जा परत. किंवा उलटं, बस, चार पैसे मिळव. दोन्ही म्हणाली नाहीस. मी बसायचं ठरवलं तेव्हा तू फक्त एक काम दिलंस. काय विकायचं नाही ते आधी ठरव. मी म्हटलं, केसांना हात लावू देणार नाही. ते मी सात वर्षं पाळलं. एकानं दुप्पट पैसे देऊ केले होते, तेव्हाही.

धंद्यात मला स्वतःचा शोध लागला असं कोणी लिहिलं तर मला हसू येईल. पहिली दोन वर्षं नशा होती, खरं सांगते. इतक्या माणसांना मी हवी होते! मग एकदा पाठ दुखायला लागली आणि कळलं, कुणाला तरी मी हवी असणं आणि मला काहीतरी हवं असणं ही दोन वेगळी दुकानं आहेत. पहिल्या दुकानात मी खूप कमावलं. दुसऱ्याचं कुलूप उघडलं ते एका पावसाळ्यात. तो गिऱ्हाईक म्हणूनच यायचा. त्या दिवशी मीच त्याला म्हटलं, वेणी घालता येते का? त्याला येत नव्हती. तरी घातली. तू दुसऱ्या दिवशी माझी वाकडी वेणी बघितलीस.

"पैसे घेतलेस?"

"नाही."

"मग ते तुझं. वहीत लिहू नकोस."

तो पुढं टिकला नाही, ती वेगळी रड. पण ते वाक्य टिकलं.

२०१७ ची पोलिसांची धाड. त्यांच्या भाषेत आमची "सुटका" झाली. सुटका झालेल्या बाईला गाडीत कोंबतात आणि कुलपाआड ठेवतात. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली एक वर्षापासून तीन वर्षांपर्यंत संरक्षणगृहात ठेवता येतं, सज्ञान असलीस तरी. तिथं आम्हाला शिवण शिकवायचे. शिवणयंत्राचा आवाज ऐकला की मला अजून चीड येते. घरून कोणी न्यायला येणार नव्हतं. तू यायचीस, दर भेटीला, एसटीनं. दारावर विचारायचे, नातं काय? बहीण म्हणून सांगायचीस, आणि ते आपल्या दोघींच्या आडनावांकडं बघत बसायचे. वकील तू उभा केलास, अपील झालं, चार महिन्यांनी मी बाहेर आले. बाहेर आल्यावर विचारलंस काय? "जेवलीस का गं?"

२०२० च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं अशाच तीन सज्ञान बायकांना सोडायचा आदेश दिला. काय काम करायचं ते त्या ठरवतील, असं म्हटलं. मी तुला बातमी वाचून दाखवली. तू म्हणालीस, "हे कळायला त्यांना कोर्ट लागलं व्हय?" मग १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, पोलिसांनी धंद्यातल्या बायकांना सन्मानानं वागवावं, पत्त्याच्या पुराव्यावाचून आधार कार्ड मिळावं. त्याची झेरॉक्स तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचतेस. एक अक्षर वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवून साहेबाला दाखवायचं ते तुला पाठ आहे.

लॉकडाउनमध्ये गल्ली बंद झाली. सरकारचे महिना पाच हजार आले, ऑक्टोबर ते डिसेंबर, तेही सगळ्यांना नाहीत. नंतर मी हळदीच्या अडतीत हिशेब लिहायला लागले. संध्याकाळी नखं पिवळी होतात. त्या मुलीला वाटलं, मी सुटले. मी काम बदललं, एवढंच. तू सोडलं नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही, तू सांगितलंस तर ऐकेन.

त्या मुलीला मी फोन केला आणि म्हटलं, उत्तर खोडा. तिनं विचारलं, मग काय लिहू? म्हटलं, एका बाईनं पंधरा दिवस जेवू घातलं, असं लिहा. तिला ते अभ्यासात कुठल्या रकान्यात घालावं कळेना.

रविवारी दुपारची येते. भडंग आणते. आणि खोबऱ्याचं तेलही, जट कापल्यापासून तुझे केस पार विरळ झालेत. तू खाली बस, मी खाटेवर बसेन. मागच्या वेळी डोक्याला हात लावला तर झटकलास, तसं करायचं असेल तर आधीच सांग, मग नुसतं वाचून दाखवेन.

तुझी,
चहावाली