महिला महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाला पुन्हा विषयाचा मान हवा

संपादक महोदय,

२ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत मुलींच्या खेळाबद्दल भरभरून बोलले जात आहे, याचा मनापासून आनंद होतो. मात्र हे बोलणे बहुधा संघनिवड, अकादमी आणि पदके यांपलीकडे जात नाही. जी मुलगी कोणत्याच संघात निवडली जाणार नाही, तिच्या प्रकृतीची जबाबदारी कोणाची? महिला महाविद्यालयांनी एकेकाळी ती जबाबदारी आपली मानली होती आणि तो इतिहास आज आठवण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मुलींसाठी महाविद्यालये निघाली, तेव्हा अभ्यासाच्या ताणाने स्त्रीचे शरीर खचते, असे सुशिक्षित माणसेही मानत होती. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये हेच मत वैद्यकशास्त्राच्या नावाने मांडले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. १८६५ मध्ये सुरू झालेल्या व्हासार या मुलींच्या महाविद्यालयाने व्यायामाला पहिल्यापासून शिक्षणात स्थान दिले होते. मुलांच्या महाविद्यालयांत खेळ वाढला तो बराचसा विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या हौसेतून. मुलींच्या महाविद्यालयांत मात्र तो संस्थेचे कर्तव्य म्हणून आला, कारण त्यांच्या विद्यार्थिनी शिकूनही धडधाकट राहतात, हे त्यांना जगाला दाखवून द्यायचे होते.

या इतिहासात सेंडा बेरेन्सन यांचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या पियानो शिकत होत्या. पाठीच्या दुखण्याने बेजार झाल्यावर बॉस्टनमधील व्यायामशिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत दाखल झाल्या आणि तेथे त्यांची प्रकृती सुधारली. १८९२ मध्ये त्या स्मिथ या मुलींच्या महाविद्यालयात शिकवू लागल्या. नुकताच निघालेला बास्केटबॉल त्यांनी मुलींच्या हाती दिला आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींचा सामना भरवला, ज्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, प्रत्येक खेळाडूने आपल्याच भागात राहायचे असे ठरवले, आणि दुसरीच्या हातून चेंडू हिसकावण्यास बंदी केली. आज हे नियम सोवळे वाटतील, आणि स्त्रियांनी फार दमू नये हा त्या काळचा समज त्यांत आहेच. तरीही एकदोघी तरबेज मुलींनी सारा खेळ आपल्याकडे ओढून घेऊ नये, सगळ्यांच्या हाती चेंडू यावा, ही त्यामागची दृष्टी शिक्षकाची होती. शिवाय या विभागाची सूत्रे तिथे शिकवणाऱ्या बाईंच्याच हाती होती. बेरेन्सन ज्या संस्थेत शिकल्या, ती १९०९ मध्ये वेलस्ली या महिला महाविद्यालयात विलीन झाली आणि व्यायामशिक्षिका महिला महाविद्यालयातच तयार होऊ लागल्या. पुढे १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाला मनाई झाली, मुलींचे संघ आणि त्यांचा निधी वाढला. परंतु स्त्रियांचे व पुरुषांचे क्रीडा विभाग एकत्र करताना बऱ्याच ठिकाणी प्रमुखपद पुरुषांकडे गेले, हेही विसरता येत नाही.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. अमेरिकेत शिकून परतलेले जिन्झो नारुसे यांनी १८९४ मध्ये ओसाकातील मुलींच्या शाळेत बास्केटबॉलच्या धर्तीवरचा खेळ सुरू केला आणि १९०१ मध्ये टोकियोत महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत आपली योजना मांडली आणि १९१६ मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू केले. त्यानंतर अवघ्या ३६ वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, वांद्र्याच्या मेरी डिसोझा आणि बंगालच्या नीलिमा घोष धावल्या.

आता आपल्याकडे पाहू. अलीकडे ठाण्यातील एका महाविद्यालयात जाण्याचा योग आला. तेथील सभागृहाच्या फरशीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषा अजून दिसतात, पण त्यांवर परीक्षेचे बाक रचून ठेवलेले आहेत आणि टेबल टेनिसचे टेबल मिटून भिंतीला टेकवलेले आहे. कबड्डीचा सराव मुली गच्चीवर, सिमेंटवर करतात. कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही. शारीरिक शिक्षण संचालक निवृत्त झाल्यापासून त्या पदाचा कार्यभार वाणिज्य विभागातील एका प्राध्यापकांकडे आहे. ते बिचारे शक्य तेवढे करतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार योग, क्रीडा व आरोग्य यांना सहअभ्यासक्रमात श्रेयांक मिळाले, हे चांगलेच झाले. मात्र तिथे ते श्रेयांक जर्नल भरून मिळतात आणि घाम कोणालाच येत नाही.

जागेची टंचाई मला ठाऊक आहे. घोडबंदर रस्त्यावर काय किंवा वाशीत काय, नवे मैदान कोणी काढून देणार नाही. पण बेरेन्सन यांनी काम सुरू केले तेही एका बंदिस्त व्यायामशाळेतच. म्हणून विद्यापीठ आणि संस्थाचालक यांच्याकडे माझी मागणी माफक आहे. महिला महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालकाचे पद रिक्त ठेवू नये, त्यावर शक्यतो प्रशिक्षित स्त्रीची नेमणूक व्हावी, आणि वेळापत्रक व खर्च ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे असावा. परीक्षा नसताना सभागृहातील बाक हलवून ते रोज दोन तास मुलींना खुले करावे व शेजारी कपडे बदलण्याची खोली द्यावी. तसेच जिमखाना फी घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने त्या पैशाचा वर्षाचा हिशेब सूचनाफलकावर लावावा, म्हणजे विद्यार्थिनींना आणि पालकांना त्याबद्दल प्राचार्यांना विचारता येईल.

आपली,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)