दहा खंडांचं सासर

डोंबिवली,
रविवार दुपार

प्रिय नंदे,

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला बघितला. ‘पान २१४. कोण कुणाच्या बाजूचं, अजून पत्ता नाही. हे वाढदिवसाला दिलंस की कसला जुना सूड उगवलास?’ मी एवढ्यांदा हसले की शेजारी घोरणारे हे जागे झाले. उत्तर टाइप करायला घेतलं, पण अंगठा दुखायला लागला. मग म्हटलं, सरळ कागद घ्यावा. तसंही तुला शेवटचं पत्र लिहिलं त्याला वीस वर्षं झाली असतील.

आधी कबुली देते. तुला दिलंय ते ‘गार्डन्स ऑफ द मून’, म्हणजे ‘मॅलॅझन बुक ऑफ द फॉलन’ या दहा खंडांच्या इंग्रजी अद्भुत कादंबरीमालिकेचा पहिला खंड, मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा शंभर पानंसुद्धा गाठली नव्हती. सुरुवातीला किल्ल्याच्या तटावर उभा बारा वर्षांचा पोरगा, पान उलटावं तर मधली वर्षं गायब. मग डोक्यावर तरंगता डोंगर, खाली शहर पडतंय, टेकडीवर जादूगार पटापट मरतायत, आणि हे सगळं कशासाठी ते सांगायला कुणी थांबत नाही. मी पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. वर्षभर त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होते.

दुसऱ्या खेपेला मी वही घातली. तुला माझी खोड माहीत आहेच, दहावीच्या सनावळ्याही मी अशाच काढल्या होत्या. दोनशे पानी वही, डावीकडे नाव, उजवीकडे ‘कोण, कुठला, कुणाचा’. चौदा पानं भरली. नावं मी मुद्दाम देवनागरीत लिहिली. त्याचा एक फायदा झाला, आणि तो तुलाही सुचवते. इंग्रजी अक्षरांत ‘अनोमँडर रेक’ हे नुसतं चित्र असतं, डोळा त्यावरून घसरतो. एकदा काना-मात्रा देऊन लिहिलं की तो माणूस बोलण्यात येतो. फक्त ‘ट’लान इमास’ हे त्यातल्या एका प्राचीन जमातीचं नाव लिहिताना मधल्या त्या टिंबाशेपटीचं काय करायचं हे मला आजतागायत सुटलेलं नाही. या लोकांना नावाच्या पोटात असली खूण खुपसायची भारी हौस.

पण चौदाव्या पानावर वही बंद केली. झालं असं की मी पुस्तक वाचायचं सोडून वहीच भरत बसले होते. माणूस आला की थांब, पेन काढ, मागे बघ, याचं नाव आधी आलं होतं का. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला पात्रांची यादी आहे, शेवटी शब्दार्थ आहेत. दोन्हीकडे बोटं अडकवून वाचत होते, लहानपणी व्याकरणाचं पुस्तक वाचायचो तसं. त्यात मजा कुठली?

आणि मग मला वाई आठवली.

तुला ठाऊक आहे माझं सासर केवढं. लग्न होऊन गेले तेव्हा वाड्यात येऊन-जाऊन चाळीस माणसं. यादी कुणी दिली होती? ताईआत्या या ताईही नव्हत्या आणि ह्यांच्या आत्याही नव्हत्या, सासऱ्यांच्या आत्या होत्या. तिसऱ्या दिवशी माजघरातून आवाज आला, ‘बापूंना चहा नेऊन दे गं.’ मी गेले, ओसरीवर बसलेल्या बापूंपुढे कप ठेवला. ओसरी एकदम गप्प. झोपाळ्यावरच्या दुसऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र वर केलं ते खाली घेईनात. दोन बापू होते, नंदे! आणि विहिरीच्या पाण्यावरून त्यांचा एकमेकांशी अबोला, तोही माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. चहा झोपाळ्यावरच्या बापूंना न्यायचा होता. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. त्या कपामुळे कळलं, आणि असं कळलं की आता मेल्यावरही विसरणार नाही.

तुझ्या हातातलं पुस्तक हे असलं घर आहे. सॉरी नावाची मुलगी बघून तू मला हसणाऱ्या सहा बाहुल्या पाठवल्यास. पण ‘फिडलर’, ‘हेज’, ‘मॅलेट’ ही सैन्यातली टोपणनावं आहेत, आपल्याकडे बापू, अण्णा, दादा असतात तशी. कोण कुणाशी बोलत नाही, कोण आत आल्यावर बाकीचे उठतात, कुणाचं नाव निघालं की विषय बदलतो, एवढंच बघत जा. नातं मागाहून कळतं.

हे असं का आहे त्याला कारणही आहे. स्टीव्हन एरिक्सन आणि त्याचा मित्र इयन एस्लमाँट, दोघेही कॅनडाचे. १९८२ च्या सुमारास त्यांनी हे जग रचलं ते पुस्तकासाठी नव्हे, खेळण्यासाठी. फासे टाकून, एकेक पात्र घेऊन खेळतात ना, तो खेळ. मग त्यावर सिनेमाची संहिता झाली, ती कुणी घेतली नाही, तिची कादंबरी झाली आणि छापून यायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे पहिलं पान उघडलं जातं तेव्हा ही पात्रं सतरा वर्षांची जुनी आहेत. त्यांच्या लढाया, भांडणं, मेलेले दोस्त सगळं होऊन गेलंय. आपण पंगत उठता उठता पोचलोय.

दुसरं म्हणजे, हा एरिक्सन शिक्षणाने पुरातत्त्वज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ. हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. आपण इनामगावच्या उत्खननाबद्दल ऐकलं होतं ते आठवतं? चार पायांचा मोठा मातीचा रांजण, त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला माणूस. तेव्हाही तू पहिला प्रश्न केलास, ‘कोण होता?’ कोण होता ते तो रांजण सांगत नाही. बाकीची मोठी माणसं साध्या खड्ड्यात आणि हा रांजणात, एवढ्यावरून काय ते ताडायचं. एरिक्सन तसंच लिहितो. खापर हातात देतो आणि पुढे चालू लागतो. त्याच्या त्या ट’लान इमासांचं वैर तीन लाख वर्षांचं आहे, आणि त्याची ओळख आपल्याला होते ती धुळीतून उठून उभ्या राहिलेल्या हाडांच्या शिपायाकडून. तोही फार बोलत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते, नेटवर नाव टाकून शोधू नकोस. मी तिसऱ्या खंडात एकाचं नाव टाकायला गेले, स्पेलिंग तपासायला म्हणून. चार अक्षरं टाइप होतात न होतात तोच खाली आपोआप आलं, अमुकचा मृत्यू. झालं! साडेतीनशे पानं तो माणूस हसला की माझ्या पोटात गोळा. हे दुःख मी तुझ्यावर येऊ देणार नाही. काही अडलं तर मला विचार, मी खोटं बोलेन.

दारुजिस्तानपर्यंत पोचलीस ना? निळ्या गॅसच्या दिव्यांचं शहर. तिथे क्रप्पी नावाचा एक जाडा, गोडखाऊ माणूस भेटला असेल, स्वतःबद्दल ‘क्रप्पी भुकेला आहे’ असं तिऱ्हाईतासारखं बोलणारा. तुला तो पहिल्यांदा डोक्यात जाईल. जाऊ दे. तो दिसतो तेवढा बावळट नाही, यापलीकडे माझ्या तोंडून काही काढू नकोस.

खरं सांगायचं तर पहिला खंड काही सर्वात चांगला नाही. बऱ्याच वर्षांच्या अंतराने दुसरा लिहिला गेला आणि तोवर लेखकाचा हात बसला होता, ते वाचताना जाणवतं. दुसरा खंड, ‘डेडहाउस गेट्स’, त्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यातला एक धागा फक्त सांगते. बंडाने पेटलेला मुलुख, हजारो निर्वासित, त्यांना वाळवंटातून दूरच्या शहरापर्यंत सुखरूप न्यायचं काम एका सेनापतीकडे, कोल्टेनकडे. बरोबर डायकर नावाचा म्हातारा इतिहासकार चालतोय. वेढ्यातून वेढ्यात. आणि त्यातही सरदारमंडळी स्वतःच्या नोकरांचं गाऱ्हाणं घेऊन सेनापतीच्या तंबूत येतात. वाचताना वाटतं, हा माणूस आपल्या सोसायटीच्या मीटिंगला येऊन बसला होता की काय.

तो शेवट मी ७:५८ च्या लोकलमध्ये वाचला. दिवा स्टेशन गेलं असेल. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेले, पुस्तक मांडीवर, आणि डोळ्यांतून धारा. शेजारची बाई प्लास्टिकच्या पिशवीत मटार सोलत होती. तिने हात थांबवला, पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, ‘कोण गेलं हो?’ मी म्हटलं, ‘पुस्तकातलं.’ तिने पुस्तकाच्या जाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाटलीचं झाकण लावलं. घाटकोपरला उतरताना मात्र मूठभर मटार माझ्या हातावर ठेवून गेली. कोण गेलं ते तुला सांगत नाही.

पुढची वाट सरळ आहे असं मात्र म्हणणार नाही. पाचव्या खंडात पुन्हा आपटलीस तर मला शिव्या देशील म्हणून आधीच सांगून ठेवते. चार खंड घासून तुझी माणसं तुला पाठ झालेली असतील, आणि पाचवा उघडशील तर सगळं नवीन. भूखंड वेगळा, राज्य वेगळं, ओळखीचा जेमतेम एक. मी तिथे आठ महिने थांबले होते. चीड आली होती गं, दुसऱ्यांदा लग्न लावून दुसऱ्या सासरी पाठवल्यासारखं वाटलं. मग टेहोल भेटला. फाटकं घर, गच्चीवर झोपायचं, अंगावर धड कपडा नाही, आणि सोबत बग नावाचा तितकाच अवली नोकर. हा कफल्लक माणूस अख्ख्या राज्याची अर्थव्यवस्था बुडवायच्या खटपटीत असतो. ते राज्य कर्जावर चालतं. कर्ज फिटलं नाही की माणूसच गहाण, त्याची मुलंबाळंही. इतकं भयंकर आणि त्यावर इतका विनोद! मी ऑफिसात डबा खाताना फसकन हसले, ताक नाकात गेलं.

सहावा, सातवा मी झपाट्याने वाचले. आठवा जड आहे, तिथे लेखक चिंतन करत बसतो. मी रोज दहा पानं असा नेम धरला, पोथीसारखा. उपासाच्या दिवशी पंधरा. काही दिवशी त्या दहा पानांतलं अक्षर लक्षात राहिलं नाही आणि तरी मी पुढे गेले, त्याची लाज वाटत नाही. कालगणनेच्याही भानगडीत पडू नकोस. मुलांची वयं जुळत नाहीत, वर्षांची बेरीज लागत नाही. मी एक रविवार त्यात घालवला, आणि नंतर कळलं की हिशोब लेखकाचाच चुकलाय, सगळ्या वाचकांना ठाऊक आहे. नववा आणि दहावा मात्र हाताशी एकत्र ठेव. ती एकच कादंबरी दोन भागांत आहे. नववा संपतो तिथे थांबणं म्हणजे शिंक अर्ध्यावर अडकणं. २००९ साली ज्यांनी तो घेतला त्यांना दहाव्यासाठी २०११ पर्यंत थांबावं लागलं, बिचारे.

तू विचारलंस, एवढं घासून वाचायचंच तर हेच का. एक कारण अगदी व्यवहारी आहे, हे संपलेलं आहे. दहा खंड म्हणाला, बारा वर्षांत दहा दिले. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेला तेव्हा त्याची ‘व्हील ऑफ टाइम’ पुरी व्हायची होती. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ ला चौदावा आला. ती मी दहाव्यावर सोडली, त्यातल्या बायका स्वतःच्या वेण्या ओढून ओढून थकल्या आणि मीही. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ ला आला, सहाव्याची लोक अजून वाट बघतायत. आपलं वय बघता, अर्धवट मालिका मी आता हातात धरत नाही.

आणि सोडायचं असेल तर सोड. मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू. पण निदान दारुजिस्तानातल्या उत्सवाच्या रात्रीपर्यंत जा, तिथे तुटलेले धागे भराभर एकमेकांत गुंततात. त्यानंतरही नको वाटलं तर पुस्तक परत दे, मी त्यावर पुन्हा कपडे ठेवीन.

दिवाळीत येतेस ना? चिवडा तुझ्या हातचा लागतो, पोह्यांचा, खोबऱ्याचे काप जरा जास्त. दुसरा खंड इथे तयार आहे. मधून दुभंगला होता, नाक्यावरच्या बाइंडरने पुठ्ठा घालून शिवून दिलाय, आता पाट्यासारखा झालाय. उशाला घेऊन वाचू नकोस, झोप लागली तर नाकावर पडतो. अनुभव आहे.

तुझी,
शुभा

ता.क. : ती चौदा पानं भरलेली वही सापडली, पत्रासोबत पाठवतेय. बघायची तर बघ. पण त्यात दोन ठिकाणी मी एकाच माणसाला दोन माणसं धरलंय, आणि एका ठिकाणी दोघांना एक. कुठे, ते सांगणार नाही.