कुड्या मोडू नका, आधी धुवा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "दुकानदार सांगतो, हिरे जुने झाले, तेज गेलं. कुड्या मोडा, थोडी भर घाला आणि एक कॅरेटच्या नव्या घ्या." फोनवर मी नुसतं हो-हो केलं. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितेय.

अहो, हिरा जुना होत नाही, मळतो. तेल तर त्याला लगेच चिकटतं. आई, तू कुड्या न काढता केसांना तेल चोपडतेस, ते सगळं खड्यांच्या मागे जाऊन बसलंय. तुझ्या कुड्यांचं कोंदण मागून उघडं आहे, त्यामुळे घरी धुता येतील. वाटीत कोमट पाणी घे, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाक, पंधरा मिनिटं भिजव आणि मऊ ब्रशने मागच्या बाजूने हलकेच घास. बेसिनवर नको हं, मळसूत्र नळीत गेलं की संपलं. मागे मी माझी अंगठी अशी धुतली, तर पाणी ताकासारखं झालं आणि खडा असा लखलखला की मलाच ओळखू येईना.

धुऊनही नव्या घ्यायच्याच असतील, तर बाबा, ते 'एक कॅरेट' नीट समजून घ्या. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा म्हणजे वजन: २०० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. सात-सात खड्यांच्या कुड्यांत चौदा खडे मिळून एक कॅरेट भरतो, एकेक खडा जेमतेम सात सेंटचा. एकट्या एक कॅरेटच्या खड्याचा भाव कितीतरी पट असतो. तो भाव ऐकवून हा माल स्वस्त वाटायला लावतात.

'ईएफ-व्हीव्हीएस'लाही भुलू नका. ईएफ ही रंगाची प्रत, ती डीपासून झेडपर्यंत, डी सगळ्यात पांढरा. व्हीव्हीएस ही स्वच्छतेची प्रत, त्यातला डाग दहापट भिंगातूनही मुश्किलीने सापडतो. सात सेंटच्या खड्यात तो कोण शोधत बसणार? पिवळ्या सोन्यात जी-एचसुद्धा पांढराच दिसतो. पैसे घालायचे तर कटवर घाला. पैलूंचं माप चुकलं की उजेड खालून निसटतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. दुकानातल्या दिव्यांखाली अमेरिकन डायमंडही चमकतो, म्हणून जोड दाराशी उजेडात नेऊन बघा. मी एकदा तसं केलं, तर विक्रेत्याचं तोंड वाकडं झालं. पण महागातल्या जोडातले खडे मधोमध काळपट निघाले.

लॅबमध्ये बनवलेला हिराही खराच असतो, तपासायचं साधं पेन दोन्हींना हिराच म्हणतं. भाव मात्र बराच कमी. तेव्हा नैसर्गिक की लॅबचा, खडे किती, एकूण वजन किती, हे बिलावर लिहून घ्या. हॉलमार्क फक्त सोन्याचा, तो हिऱ्याबद्दल काही सांगत नाही.

आणि 'तपासायला' म्हणून कुड्या दुकानात ठेवून येऊ नका. आजीच्या आहेत त्या. शनिवारी मी भिंग घेऊन येतेय, एखाद्या खड्याचा टवका उडालाय का, ते आपणच बघू. आई, तोवर तेल लावलंस तर कुड्या काढून लाव.

तुमची,
चिमी