पावसाळ्यात ती वाट सोडा, दसऱ्यानंतर फावडं घेऊन या

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत चिखल उडवत चढ चढणाऱ्या मोटारसायकलचा फोटो आला होता. फोटो झकास होता, खोटं कशाला बोलू? पण त्यातलं वळण मी ओळखलं. त्या वळणावर आम्ही नऊ जणांनी चार रविवार घाम गाळलाय, म्हणून हे पत्र.

माझं शिवाजी उद्यमनगरात गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. डोंगरात गाडी घालायचा नाद जुना. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला गवत-लाकूड आणायची एक जुनी बैलगाडीची वाट आहे, तिथं आम्ही जातो. वनखात्याच्या हद्दीच्या अलीकडंच, आणि ज्यांची रानं वाटेला लागतात त्यांना विचारून.

तीन वर्षांपूर्वी तिथं गुडघाभर घळ पडली आणि बैलगाडी जायची बंद झाली. गावात चहाला थांबलो तर एकानं तोंडावर सांगितलं, "तुमच्या फटफट्यांनीच केलंय हे." खरंच होतं. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, टायरच्या गुट्ट्या माती सोलून काढतात, चाकोरी पडते आणि पहिल्या पावसाचं पाणी त्याच चाकोरीला लागतं. नवशिक्याला आम्ही क्लच सांगतो, ब्रेक सांगतो. हे कुणी सांगत नाही.

मग मुरूम आणून घळ भरली. साठ-सत्तर बुट्ट्या, कंबरडं मोडलं. मे महिन्यात एक वळीव आला आणि सगळा मुरूम खालच्या रानात. रानाच्या मालकांना आम्ही आप्पा म्हणतो. ते भांडले नाहीत, हसले. "अरं बाबांनो, पाणी कुठनं येतंय ते बघितलंसा का आधी?" बघितलं नव्हतं.

जूनच्या धो धो पावसात त्यांनी आम्हाला चालत वर नेलं. त्यांच्या डोक्यावर इरलं, आमच्या छत्र्या वाऱ्यानं उलट्या झालेल्या. घळीपासून बरंच वर, एका आंब्याच्या मुळापाशी पाण्याची बारकी धार वाटेत घुसत होती. दुखणं तिथं होतं. पाणी शिरेल तिथं तिथं काटक्या रोवून ठेवल्या आणि दसऱ्यानंतर जमीन वाफशावर आल्यावर काम धरलं. चर तिरका काढायचा, पाणी उताराच्या अंगाला वाटेबाहेर पडेल असा. अगदी आडवा काढला तर गाळानं भरतो, फार उभा काढला तर तोच खणत जातो. चराच्या खालच्या कडेला जांभ्याचे दगड अर्ध्याहून जास्त जमिनीत पुरायचे. पहारीनं हलवून बघायचं, हलला की परत काढायचा. घळीत तळाला मोठे दगड, वर बारीक, मग मुरूम. गेला पावसाळा सगळं टिकलं. बैलगाडी पुन्हा सुरू झाली.

या जुलैत दहा-बारा गाड्या आल्या. कोण ते ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. आमचा चर म्हणजे त्यांना उडी मारायची जागा वाटली. दोन चरांचे दगड उखडले, आणि चिखल चुकवायला कडेच्या गवतातून गाड्या काढल्या. एका वळणाला आता तीन वाटा आहेत. आप्पांचा फोन आला तेव्हा मी इंजिन उघडून बसलो होतो, तेलकट हातानंच फोन घेतला. "बघा बाबा तुमचं काय ते," एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा विनंती एवढीच, की आषाढ लागल्यापासून दसऱ्यापर्यंत असल्या वाटांवर गाडी घालू नका. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारी पोरं त्या बाजूला असतात. १६६० च्या जुलैत भर पावसात त्या डोंगरातून जे मावळे गेले, ते खांद्यावर पालखी घेऊन पायीच गेले. आपल्यालाही चार दिवस चालायला हरकत नाही. आणि राधानगरी-दाजीपूरकडं गाडी घालायचा तर विषयच काढू नये. ते अभयारण्य आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथल्या वाटा गव्यांच्या.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आम्ही वाघबीळला जमतोय. फोटोतला स्वार कुणाच्या ओळखीचा असेल तर त्यालाही सांगा, राग नाही. उलट तरणा गडी दिसतोय, पहारीला बरा. गाडी नसली तरी चालेल. भाकरी आमची, खर्डा आप्पांच्या घरचा. पहारी तीन आहेत, फावडी पाच. घमेलं मात्र घरून आणा. मागच्या वेळची दोन आप्पांच्या म्हशीनं चेपली.

– एक मेकॅनिक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर