कोआला कडेवर घ्यायला सिडनीला जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की ऑस्ट्रेलिया सहलींच्या जाहिरातींत कोआलाला कडेवर घेतलेला हसरा पर्यटक हटकून दिसतो. सहल मात्र बहुतेकदा सिडनी-मेलबर्नची असते, आणि न्यू साऊथ वेल्स व व्हिक्टोरिया या दोन्ही राज्यांत पर्यटकांनी कोआला उचलून घेण्यास कायद्याने बंदी आहे. तिथे शेजारी उभे राहून फोटो काढता येतो. काही प्राणी-उद्यानांत कर्मचारी सांगेल तेव्हा पाठीवरून हात फिरवायला मिळतो. क्वीन्सलँडमध्ये उचलून घ्यायला परवानगी आहे, पण एका कोआलाला दिवसातून अर्ध्या तासाहून कमी वेळच हाताळता येते. तिथल्याच ब्रिस्बेनच्या लोन पाइन या १९२७ पासूनच्या अभयारण्याने तर २०२४ मध्ये ही प्रथा आपणहून थांबवली. कोआला खातो त्या निलगिरीच्या पानांत पोषण कमी आणि विषारी द्रव्ये जास्त. ती पचवण्यातच शक्ती खर्च होत असल्याने हा प्राणी दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो. तो आळशी नाही आणि अस्वल तर मुळीच नाही. कर्मचारी ताज्या फांद्या लावतात ती वेळ प्रवेशद्वारापाशीच विचारून ठेवावी, कारण जागा कोआला दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

कांगारूंचे नेमके उलटे. त्यांच्यात मोकळेपणाने फिरता येते, म्हणून घोटाळेही तिथेच होतात. उद्यान उघडताच आधी त्यांच्याकडे जावे. दुपारपर्यंत शेकडो हातांतले खाणे खाऊन त्यांचे पोट भरलेले असते आणि मग ती सावलीत पडून राहतात. खाणे उद्यानातच विकत मिळते तेवढेच द्यावे. पाव-बिस्किटांसारखे मऊ पदार्थ दातांत अडकतात, हिरडीत संसर्ग होतो आणि जबडा सुजतो. हा आजार जिवावर बेततो. दाणे सपाट तळहातावर ठेवून हात खाली धरावा, पिशवी खिशात ठेवावी. पिशवी दिसली की कांगारू ती पुढच्या पायांनी धरून ओढते, आणि त्याची नखे लांब असतात. हात लावायचाच तर छातीला किंवा पाठीला. डोके, शेपूट आणि पिल्लाची पिशवी वर्ज्य. मोठा नर ताठ उभा राहून छाती खाजवू लागला तर तो आपली ताकद दाखवत असतो. अशा वेळी त्याच्याकडे रोखून न पाहता, थोडे वाकून, हळूहळू बाजूला सरकावे. पळू नये. कुंपणाने वेगळी केलेली विसाव्याची जागा प्राण्यांसाठी असते. तिथवर पाठलाग करणाऱ्या पालकांना काय म्हणावे?

एमूही त्याच आवारात मोकळे असतात. त्यांची चोच लहान मुलांच्या तोंडाच्या उंचीवर येते आणि चकचकीत वस्तूंवर त्यांचा डोळा असतो. कानातले, चष्मा सांभाळा.

प्लॅटिपस हा चोचीचा, अंडी घालणारा सस्तन प्राणी पाहायचा असेल तर मेलबर्नपासून तासाभरावरचे हील्सव्हिल अभयारण्य गाठावे. प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांनी १९४३ मध्ये प्लॅटिपसची पैदास बंदिवासात प्रथम केली ती इथेच. हा प्राणी काळोख्या दालनातल्या पाण्याच्या टाकीत ठेवतात, आणि अनेक जण 'टाकी रिकामी आहे' म्हणत दोन मिनिटांत बाहेर पडतात. खरी गोष्ट अशी की प्लॅटिपस जेमतेम अर्धा मीटर लांब असतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटे लागतात. पाण्यात उठणाऱ्या बुडबुड्यांचा माग काढावा. फ्लॅश तर बंदच, पण मोबाइलच्या पडद्याचा उजेडही कमी करावा.

टास्मानियन डेव्हिल हा मांसाहारी प्राणी खाण्याच्या वेळीच पाहावा, एरवी तो बिळात असतो. १९९६ मध्ये प्रथम दिसलेला, एकमेकांना चावल्याने पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग या जातीच्या मुळावर उठला आहे. उद्यानांतली निरोगी पैदास म्हणूनच महत्त्वाची, आणि कर्मचाऱ्याचे माहितीपर बोलणे फोटोंच्या नादात चुकवू नये. वोंबॅट हा बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी थंडीत उन्हाला बाहेर येतो. त्याची लेंडी चौकोनी असते, हे मुलांना आधी सांगितलेत तर ती बराच वेळ शोधत बसतील.

आपल्या मे-जूनमध्ये तिकडे थंडी असते. मेलबर्नला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक उद्यानेही तेव्हाच बंद होतात, त्यामुळे दुपारी दोनला पोहोचलेल्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी त्या राज्याच्या अग्निशमन यंत्रणेचा इशारा पाहावा. वणव्याचा धोका सर्वोच्च पातळीवर असला की जंगलालगतची उद्याने दिवसभर बंद ठेवतात. तिकीट काढतानाच अशा दिवसाचे पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, हे विचारून घ्यावे.

आपले,
ऑस्ट्रेलियातील काही मराठी वाचक